चाक रुंद असावे की अरुंद?
चाकाच्या इतिहासातून शेतकऱ्याने घ्यायचा धडा



पावसाळा सरत आला, सोयाबीन आणि भाजीपाला रानातून बाहेर काढायची घाई सुरू झाली, की एक प्रश्न हमखास विचारला जातो. “शेतात जाणाऱ्या जीपला किंवा चारचाकी मालगाडीला टायर रुंद घालावेत की अरुंद?” टायरवाला म्हणतो, रुंद घ्या, गाडी रुतणार नाही. गावातला जुना ड्रायव्हर म्हणतो, अरुंदच बरे, चिखल कापून खालची जमीन धरतात. दोघेही अनुभवाचेच सांगतात. मग खरे कोणाचे?

खरे दोघांचेही आहे, पण ज्याच्या त्याच्या जमिनीपुरते. हा वाद काही आजचा नाही. इंग्लंडच्या पार्लमेंटने पावणेतीनशे वर्षांपूर्वी यावर कायदे केले. आपल्या दख्खनमध्ये चाक बदलले तेव्हा शेतमालाची वाहतूकच बदलली. वाळवंटात फिरणाऱ्यांनी आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्यांनीही याच प्रश्नाशी झुंज दिली. टायरच्या एका संचाला हजारो रुपये मोजण्याआधी या लोकांनी काय शिकून ठेवले आहे, ते पाहून घेतलेले बरे.

चाकोरी कशी पडते

आपल्या भाषेत ‘चाकोरी’ हा शब्द आहे. चाकाने पडलेली खोल वाट ती चाकोरी. जुन्या बैलगाडीच्या चाकाला तुंबा, आरे, पुठ्ठे आणि त्यावर लोहाराने लालबुंद तापवून बसवलेली लोखंडी धाव असे. ही धाव दोन-अडीच बोटे रुंद. सगळ्या गाडीचे वजन तेवढ्याशा पट्टीवर यायचे.

एक साधा हिशोब करून बघा. समजा, भरलेली गाडी १,००० किलोची आहे. दोन चाके, म्हणजे एका चाकावर ५०० किलो. धाव ५ सेंटिमीटर रुंद आणि कठीण जमिनीवर तिचा ५ सेंटिमीटर लांबीचा भाग टेकला, तर टेकलेली जागा झाली २५ चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर २० किलोचा दाब! मातीचा रस्ता असो की खडीचा, एवढा दाब त्याला सोसत नाही. पहिली गाडी रेघ पाडते, दुसरी त्याच रेघेत जाते, आणि श्रावणापर्यंत गुडघाभर चाकोरी तयार होते.

पण आपले सुतार काही अडाणी नव्हते. रुंद चाक म्हणजे जड चाक, आणि जड चाक म्हणजे बैलांच्या मानेवर भार. म्हणून त्यांनी रुंदी न वाढवता चाकाची उंची वाढवली. छातीला लागेल एवढे उंच चाक खड्ड्यातून आणि ढेकळांवरून सहज निघते. रुंदीखेरीज उंचीचाही विचार करायचा असतो, हा पहिला धडा आपल्याच गावच्या सुतारनेटावर मिळतो.

इंग्लंडचा रुंद चाकांचा कायदा

अठराव्या शतकात इंग्लंडचे रस्ते असेच चाकोऱ्यांनी फाटलेले होते. मोठमोठ्या घोडागाड्या माल वाहत आणि पावसात त्यांची चाके तुंब्यापर्यंत रुतत. टोल घेऊन रस्ते राखणारी मंडळे हैराण झाली. तेव्हा १७५३ साली पार्लमेंटने ‘रुंद चाकांचा कायदा’ केला. टोलच्या रस्त्यावर मोठ्या मालगाड्यांची चाके ९ इंच रुंद असावीत, असा त्याचा रोख होता. विचार असा की रुंद चाक रस्ता कापणार नाही, उलट रुळासारखे दाबत जाईल. पुढे रुंद चाकवाल्यांना टोलमध्ये सवलती मिळाल्या. १७७४ च्या कायद्यात तर १६ इंच रुंदीची चाके वापरणाऱ्याला टोल माफ करण्यापर्यंत मजल गेली.

आता तुम्ही म्हणाल, मग रस्ते सुधारले असतील. तसे झाले नाही, आणि त्याची दोन कारणे आपल्या कामाची आहेत.

पहिले कारण असे. गाडीवाल्यांनी रुंद चाके बसवली खरी, पण ती एका बाजूला निमुळती ठेवली. कायद्याच्या मापात चाक ९ इंच, पण जमिनीला नीट टेकायचा त्यातला थोडाच भाग. शिवाय निमुळते चाक सरळ फिरत नाही, ते घासत जाते आणि रस्त्याची खडी दळून काढते. अलेक्झांडर कमिंग नावाच्या जाणकाराने १७९७ च्या सुमारास निबंध लिहून हा दोष दाखवून दिला.

दुसरे कारण वजनाचे. रुंद चाकाच्या गाडीला जास्त माल भरायची मुभा होती. चाक दुप्पट रुंद झाले, पण मालही तेवढाच वाढला. मग रस्त्याला सुख कुठले? आज आपण नेमके हेच करतो. रुंद टायर घेतला की ट्रॉलीत चार क्विंटल जास्त भरतो आणि जमीन दबली म्हणून कपाळाला हात लावतो.

पुढे मॅकअॅडम या रस्तेबांधणीच्या जाणकाराने सांगितले की, पाया कोरडा ठेवा, पाण्याचा निचरा करा आणि बारीक फोडलेली खडी घट्ट बसवा, म्हणजे रस्ता वजन पेलील. नुसत्या चाकाकडे बघणाऱ्यांना त्याने खालच्या जमिनीकडे बघायला लावले.

टेंभुर्णीची गाडी

त्याच सुमारास आपल्याकडे काय होते? दख्खनमध्ये बराचसा माल लमाणांच्या तांड्यांतून, बैलांच्या पाठीवर गोण्या लादून जाई. गाड्या होत्या, पण पुष्कळशा ओबडधोबड, लाकडाच्या किंवा दगडाच्या भरीव चाकांच्या. असे चाक रुंद आणि भक्कम असते, पण स्वतःच एवढे जड की बैलांची निम्मी ताकद चाक ओढण्यातच जाते.

बोरघाटातून मुंबई-पुण्याची गाडीवाट १८३० साली खुली झाली. पाठोपाठ १८३६ च्या सुमारास, इंदापूर भागात गोल्डस्मिड आणि विंगेट यांची जमीन मोजणी चालू असताना, गेसफर्ड नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णी येथे सुधारलेल्या बैलगाड्या बनवायला सुरुवात केली. आऱ्यांची चाके, हलका सांगाडा, आणि बैलजोडीला ओढता येईल असा भार. पुढे ही गाडी गावोगावी पसरली आणि कापूस, धान्य, गूळ दूरच्या पेठेत नेणे शेतकऱ्याच्या आवाक्यात आले.

इथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एवढीच की सुधारणा रुंदीकडून अरुंदीकडे झाली होती. रस्ता झाला, खाली आधार मिळाला, म्हणून अरुंद आणि हलके चाक फायद्याचे ठरले. तेच चाक पावसाळ्यात भारी काळ्या रानात घातले, तर आसापर्यंत बसायचे. चाक तेच, फक्त जमीन बदलली.

हवा भरलेले चाक

लोखंडी धाव आणि रस्ता यांचे भांडण मिटवले ते हवेने. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ साली हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते, पण ते मागे पडले. मग १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप याने पुन्हा पेटंट घेतले. हा डनलॉप कोणी कारखानदार नव्हता, बेलफास्ट शहरात गुरांची-घोड्यांची डॉक्टरकी करणारा माणूस होता. मुलाच्या तीनचाकी सायकलला धक्के बसू नयेत म्हणून त्याने रबरी नळीत हवा भरून चाकाला बांधली आणि त्यातून टायर आला.

त्याच नावाच्या कंपनीचा कारखाना १९३६ साली बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंज येथे सुरू झाला. तो पुढे बंद पडला, पण नाव आपल्या बोलण्यात राहिले. रबरी चाकांच्या बैलगाडीला आपण अजूनही ‘डनलॉप गाडी’ किंवा ‘टायरगाडी’ म्हणतो. साखर कारखान्यांच्या परिसरात उसाच्या वाहतुकीने ही गाडी घरोघर नेली.

रबरी टायरचे गणित लोखंडी धावेपेक्षा वेगळे आहे, ते समजून घ्या. टायरचा जमिनीवरचा दाब साधारण आतल्या हवेच्या दाबाएवढा असतो. ४२ पौंड हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३ किलो. मघाच्याच ५०० किलोच्या चाकाला आता साधारण १६५ चौरस सेंटिमीटर जागा मिळते. धावेच्या २० किलोच्या जागी दाब आला ३ किलोवर. हवा १४ पौंडांवर आणता आली, तर दाब १ किलो आणि टेकलेली जागा ५०० चौरस सेंटिमीटर.

म्हणजे, रुंद आणि अरुंद टायरमध्ये हवा सारखीच भरली, तर सारख्या वजनाला टेकणारी जागाही जवळजवळ सारखीच. फक्त अरुंद टायरचा ठसा लांबट आणि रुंद टायरचा ठसा आखूड. रुंद टायरचा खरा गुण हा की, तो तेच वजन कमी हवेवर पेलू शकतो. रुंद टायर घेऊन त्यात सवयीने ४० पौंड हवा ठासली, तर जास्तीचे पैसे पाण्यात गेले म्हणून समजा.

रस्ते आणि धाव

आपल्या देशात मोटारी वाढल्या तेव्हा बैलगाडीच्या धावेचा प्रश्न रस्तेवाल्यांपुढे मोठा झाला. १९२७ साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने रस्ते विकास समिती नेमली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीच्या शिफारशींवरून रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी आणि नंतर १९३४ साली भारतीय रस्ते परिषद उभी राहिली. १९४३ साली नागपूरला मुख्य अभियंते जमले आणि त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. शेतीच्या विकसित भागातले कोणतेही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब राहू नये, असे त्यात म्हटले होते.

रस्ता गावापर्यंत आला, पण रस्त्यापासून शेतापर्यंतचा शेवटचा फर्लांग बहुतेक ठिकाणी कच्चाच राहिला. आपला आजचा प्रश्न त्या शेवटच्या फर्लांगाचा आहे.

ट्रॅक्टरची लोखंडी चाके गेली

पूर्वीच्या ट्रॅक्टरला मागे मोठी लोखंडी चाके असत आणि त्यांना खिळ्यांसारखे दात. पकड उत्तम, पण रस्त्यावर चालवायची बंदी, धक्के बेसुमार आणि झाडाच्या मुळ्यांना इजा. १९३२ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात अॅलिस-चामर्स कंपनीने आपल्या ट्रॅक्टरला विमानाचे टायर बसवून शेतात चालवून पाहिले. टायर रुंद होतेच, पण फायदा दिसला तो हवा बरीच कमी केल्यावर. टायर पसरला, माती धरू लागला आणि ट्रॅक्टर नांगर ओढू लागला.

लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा कंपनीने शर्यतीचा प्रसिद्ध मोटारचालक बार्नी ओल्डफील्ड याला ट्रॅक्टरवर बसवले आणि १९३३ साली त्याने तो ताशी ६४ मैलांनी पळवून दाखवला. १९४० पर्यंत अमेरिकेत बहुतेक नवे ट्रॅक्टर रबरी चाकांवर आले होते.

आपल्याकडचा नेहमीचा ट्रॅक्टर नीट पाहा. पुढे ६.००-१६ मापाचा अरुंद टायर आणि मागे १३.६-२८ सारखा रुंद, उंच टायर. एकाच यंत्रावर दोन्ही प्रकार! पुढच्याचे काम वळण्याचे, म्हणून अरुंद आणि सरळ रेघांचा. मागच्याचे काम वजन पेलून ओढण्याचे, म्हणून रुंद. भाताच्या चिखलणीला याच ट्रॅक्टरला आपण लोखंडी जाळीची चाके लावतो. जसे काम, तसे चाक.

वाळवंट आणि जीप

आता येऊ रस्ता सोडून जाणाऱ्या मोटारींकडे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस राल्फ बॅगनोल्ड नावाचा ब्रिटिश लष्करी इंजिनिअर इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड मोटारी घेऊन हिंडू लागला. वाळूला तळ नसतो. चाक जितके फिरवाल तितके खाली जाते. त्यावर त्याने टायरमधली हवा कमी करायची युक्ती वापरली आणि रुतलेल्या चाकाखाली घालायला लोखंडी पत्रे बरोबर ठेवले. १९४० साली त्याने कैरोत वाळवंटात दूरवर फिरणारे लष्करी पथक उभारले. त्यांच्या शेव्हरोले ट्रकांपैकी बऱ्याच ट्रकांना इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना होती. तरी रुंद टायर, कमी हवा आणि अनुभवी चालक यांच्या जोरावर ते शेकडो मैल वाळू तुडवत गेले.

त्याच युद्धात जीप जन्माला आली आणि तिने उलटी गोष्ट दाखवली. जीपचा टायर ६.००-१६, म्हणजे जेमतेम सहा इंच रुंद, आपल्या ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरच्या मापाचा. पण जीप सव्वा टनाच्या आत, चारही चाकांना ताकद, आणि युरोपातल्या वाटांवर वर चिखल नि खाली कठीण थर. अरुंद टायर चिखल कापून खाली जायचा आणि पकड घ्यायचा. रुंद टायर तिथे चिखलावर तरंगून घसरला असता. १९४७ पासून मुंबईत जीपची जुळणी सुरू झाली आणि ही गाडी आपल्या डोंगरी वाटांवर, जांभ्या दगडाच्या कोकणातही रुळली. तिथली जमीन तिच्या टायरला मानवणारीच होती.

तिसरे उदाहरण १९४२ साली बनलेल्या अमेरिकन लष्करी ट्रकचे. तो पाण्यातही चालायचा आणि जमिनीवरही. चालकाला जागेवरूनच टायरची हवा कमीजास्त करता येई. किनाऱ्यावरच्या वाळूत हवा कमी, रस्त्यावर आला की हवा पूर्ण. म्हणजे टायर एकच ठेवून त्यांनी हवेचा दाब जमिनीप्रमाणे बदलला.

मग आपण काय करावे?

एवढ्या सगळ्या इतिहासाचा अर्क काढला तर एकच प्रश्न उरतो: मऊ मातीखाली तळ आहे का? टायर घेण्याआधी हा प्रश्न आपल्या वाटेला विचारा.

१. पाऊस पडून गेल्यावर गाडी जिथून जाते तिथे चार-पाच जागी पहार टोचा. वीतभर चिखलाखाली मुरूम, जांभा किंवा कठीण थर लागला, तर अरुंद, उंच आणि खोल नक्षीचा टायर घ्या. तो तळ गाठेल.

२. पहार हातभर सहज गेली, म्हणजे भारी काळी जमीन किंवा नदीकाठची वाळू असली, तर रुंद टायर घ्या आणि हवा कमी ठेवा. हवा किती कमी करायची ते टायर कंपनीच्या तक्त्यात वजनाप्रमाणे दिलेले असते. त्याखाली जाऊ नका.

३. हवा कमी करून रानातून बाहेर आलात की रस्त्यावर वेगाने जाण्याआधी ती पूर्ण भरा. कमी हवेवर पळवलेला टायर कडेने तापतो, फाटतो किंवा रिंगेवरून निसटतो. हातपंप किंवा छोटा हवायंत्र गाडीत ठेवा.

४. तुमची गाडी बहुतेक वेळ डांबरी रस्त्यावरच चालत असेल, तर नुसत्या दिसण्यासाठी रुंद टायर घेऊ नका. डिझेल जास्त लागते, स्टेअरिंग जड होते, वळताना टायर मडगार्डला घासतो आणि बेअरिंगवर ताण येतो. कंपनीने ठरवून दिलेल्या मापांच्या बाहेर जाऊ नका.

५. रुतलेले चाक जोराने फिरवू नका. चाकापुढची माती उकरा, हवा थोडी कमी करा, खाली पाचट, गोणपाट किंवा पत्रा घाला आणि सावकाश बाहेर काढा.

६. रुंद टायर घेतला म्हणून जादा माल भरू नका. इंग्लंडच्या गाडीवाल्यांची चूक आपण करायची नाही. वरच्या थराची माती दबते ती टायरच्या दाबाने, पण नांगराच्या खालचा थर दबतो तो आसावरच्या एकूण वजनाने. तो थर एकदा दबला की वर्षानुवर्षे मोकळा होत नाही. मुळ्या आडव्या पसरतात, पाणी साचते, आणि उतारा घटला की आपण खताला दोष देतो.

७. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे वापसा. ओल्या काळ्या रानात कोणताच टायर चांगला नाही. मूठभर माती दाबून गोळा करा आणि पडू द्या. फुटून मोकळी झाली तर गाडी न्या. चिकटून तशीच राहिली तर माल डोक्यावरून किंवा बैलगाडीने बांधापर्यंत आणा. दोन दिवसांची घाई दोन हंगाम नडते.

चाकोरीचा चांगला उपयोग

शेवटी एक उलटी गोष्ट. रस्त्यावर चाकोरी वाईट, पण शेतात ती मुद्दाम ठेवता येते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड भागात आपल्यासारखीच चिकण काळी जमीन आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी १९९० च्या दशकापासून सगळी यंत्रे दर हंगामाला त्याच ठरावीक पट्ट्यांवरून चालवायला सुरुवात केली. पट्टे दबतात, कठीण होतात आणि चाकाला आधार देतात. बाकीचे सगळे रान कधीच तुडवले जात नाही, ते भुसभुशीत राहते.

आपल्याला एवढी मोठी यंत्रे नकोत. उसात चार-पाच फुटी सरी पाडताना, फळबागेत ओळी आखताना किंवा शेतमाल काढताना गाडीची वाट आधीच ठरवा आणि दरवर्षी तीच ठेवा. वाटेवर मुरूम टाका, कडेने चर काढून पाणी बाहेर सोडा. मग त्या वाटेवर अरुंद टायरही चालेल आणि रुंदही. वाट ठरवून ठेवलेल्या शेतात नव्या टायरचा खर्च पुष्कळदा वाचतो, आणि उरलेले रान मुळांना मोकळे राहते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, टायरच्या दुकानात जाण्याआधी पहार घेऊन रानात जा. तुमच्या वाटेखाली काय लागले आणि तुम्ही कोणता टायर वापरता, ते पत्राने जरूर कळवा. पुढच्या कार्यक्रमात त्यावर बोलू.